शेजारणीच्या हातचं तेल

उंबरआळीचा हा क्रूस कधी उभारला ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. वसईच्या या पट्ट्यात आळी तिथे क्रूस असतोच, त्यात नवल नाही. नवल आहे ते याच्या चौथऱ्यात. चारही बाजूंना हे लहान कोनाडे दिसतात ना, ते घरटी एकेक. संध्याकाळी देवळाची घंटा झाली की बायका पणत्या घेऊन येतात, आपापल्या कोनाड्यात ठेवतात आणि तशाच उभ्या राहतात. पणतीत वात असते, पण पणती कोरडी. बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, बाया तेल विसरल्या. तसं नाही. आमच्या आळीत आपल्या पणतीत आपण तेल घालत नाही, ते शेजारणीने घालायचं. तोवर कुणी काडी ओढत नाही.

याची गोष्ट माझ्या आत्येने मला सांगितली, तिला तिच्या सासूने. पोर्तुगीज फिरंग्यांचं राज्य जाऊन बराच काळ लोटला होता आणि आगगाडी अजून यायची होती, तेव्हाची ही हकीकत म्हणे.

त्या काळी इथे दोघी जावा राहत होत्या. थोरली कातरीन, धाकटी जुस्तीन. घरं शेजारीशेजारी, मध्ये केळीची एकच बाग. कातरीनची भक्ती साऱ्या आळीला ठाऊक होती. रविवारच्या मिस्साला ती सगळ्यांच्या आधी देवळात. क्रूसाचा चौथरा झाडायची ती, सणाला चुना लावायची ती, संध्याकाळी लादाईन, म्हणजे क्रूसापुढची सगळ्यांची प्रार्थना, सुरू करायची तीही. गुडघे टेकून टेकून तिच्या गुडघ्यांना घट्टे पडले होते. जुस्तीनचं तसं काही नव्हतं. ती मिस्साला उशिरा यायची, दाराशी उभी राहायची, कधी पदराला पेजेचा डाग असायचा. खाजणाच्या कडेला लुजी नावाची आंधळी म्हातारी एका झोपडीत पडून होती. तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि तोंड असं कडू की तिच्या पोटच्या मुलीनेही येणं सोडलं होतं. जुस्तीन रोज सकाळ-संध्याकाळ तिला पेज भरवून, जखमा धुऊन मग बाकीच्या कामाला लागायची.

एका वर्षी आळीत तापाची साथ आली. कातरीनची एकुलती एक मुलगी, आंजेलीन, तापाने फणफणली. कातरीनने नवस बोलले, उपास केले, क्रूसापुढून ती उठेना. पोर वाचली नाही. पुढच्याच आठवड्यात पलीकडच्या घरातलं मूल तसंच तापलं. त्याच्या आईने जुस्तीनला बोलावलं. जुस्तीनने मुलाच्या कपाळावर ओला फडका ठेवला, जवळ बसून ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हटली, आणि पहाटे मुलाला घाम सुटला.

तेव्हापासून आळीत कुणी आजारी पडलं की हाक जुस्तीनला जाऊ लागली. कातरीन ओट्यावर बसून बघायची. बाया तिच्या दारावरून पुढे जायच्या आणि जुस्तीनचं दार वाजवायच्या. ‘मी त्याच्या पायाशी जन्म काढला, आणि तो ऐकतो हिचं,’ असं तिच्या मनात येई. दुसरीचं लुगडं किंवा दागिना पाहून जळणारी ती नव्हती. देवाने आपल्याला टाकून हिला जवळ केलं, याने तिचा जीव जळत होता. जुस्तीन समोर आली की ती हसून बोलायची, आणि घरात जाऊन भांडी आपटायची.

अशातच जुस्तीनचा नवरा बावतीस सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घेऊन मचव्याने सुरतेकडे गेला. जाणारा समुद्रावर असेतो त्याच्या बायकोने क्रूसापाशी रोज दिवा लावायचा, ही रीत तेव्हाही होती. तेल संपेपर्यंत दिवा जळला तर माणूस सुखरूप, असं लोक मानायचे. जुस्तीन तेलाचं बोळकं कोनाड्यातच ठेवून द्यायची, कारण लुजीकडून धावत यायला तिला उशीर व्हायचा.

बावतीसच्या परतीची वेळ टळली. वादळी वारे सुटले, बाकीचे मचवे आले, त्याचा नाही. त्या दिवशी संध्याकाळी लादाईन सुरू करायला कातरीन पुढे झाली, तर मागून कुणीतरी म्हणालं, “आज जुस्तीनला म्हणू दे. तिचा माणूस वाटेवर आहे, आणि तिचं ऐकलंही जातं.”

कातरीन बाजूला झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी चौथरा झाडायला गेली तेव्हा तिथे कुणी नव्हतं. तिने जुस्तीनच्या बोळक्यातलं तेल कडेच्या एका झाडाच्या बुंध्याशी ओतलं, जवळच्या बावखलातलं, म्हणजे तळ्यातलं, पाणी त्यात भरलं, आणि वरून तेलाचा जरासा थर सोडला.

संध्याकाळी जुस्तीन धापा टाकत आली, बोळकं पणतीत रिकामं केलं, दिवा लावला. लादाईन अर्ध्यावर आली असेल नसेल, ज्योत तडतडली आणि विझली. वारा नव्हता. शेजारचे सगळे दिवे संथ जळत होते. जुस्तीनने तो पुन्हा लावला नाही. ती तिथेच खाली बसली.

त्या रात्रीपासून तिने अन्न सोडलं. रडणं नाही, बोलणं नाही. भिंतीकडे तोंड करून ती पडून राहिली. शेजारणी पेज घेऊन यायच्या आणि तशीच परत न्यायच्या. ती एकदाच बोलली, तेही कातरीनशी. “वैनी, लुजी उपाशी असेल.”

आता लुजीकडे जायला दुसरं कोण होतं? कातरीन गेली. झोपडीच्या दारातच वासाने तिने पदर नाकाशी धरला. तिने डोळे मिटून जखमा धुतल्या, पेज भरवायला घेतली. म्हातारीने तिचा हात चाचपला.

“तू जुस्तीन नाहीस.”

“मी तिची जाऊ. कातरीन.”

“म्हणजे जिची पोर गेली ती,” लुजी म्हणाली. “तुझ्यासाठी रोज प्रार्थना करायला लावते ती मला. माझ्या वैनीच्या मनाला शांती मिळू दे म्हण, तुझं देव ऐकेल, म्हणते. मला कंटाळा आला. पेज खारट झालीय.”

कातरीनचं मन तिथेच विरघळलं असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. माझी आत्ये सांगायची, ते ऐकून कातरीनचा हेवा उलट वाढला. माझ्या दुःखातही हीच पुढे, असं तिला झालं. शनिवारी ती कुमसारला गेली. पाद्रीबाबांसमोर सगळी पापं सांगितली, नवऱ्याला उलट बोलले इथपासून. ते एक तेवढं सांगितलं नाही. पण लुजीकडे मात्र ती रोज जात राहिली. घाण उपसताना, शिव्या खाताना तिला कळत गेलं की जुस्तीन मिस्साला उशिरा का येते. आणि इकडे जुस्तीनचे गाल आत गेले, ओठ फुटले. एक दिवस कातरीनने तिला कुशीवर वळवलं तर ती हाताला वाळक्या पातीसारखी हलकी लागली. तेव्हा कातरीन घाबरली.

क्रूसाच्या सणाची संध्याकाळ होती. सगळी आळी जमली होती आणि सोसाट्याचा वारा सुटला होता. कातरीन जुस्तीनला आधार देत, जवळजवळ उचलूनच घेऊन आली आणि तिला चौथऱ्यावर बसवलं. मग लोकांकडे तोंड करून म्हणाली, “हिचा दिवा देवाने विझवला नाही. हिच्या तेलात मी पाणी घातलं. माझी पोर त्याने नेली आणि हिचं सगळं ऐकलं, हे मला बघवत नव्हतं.”

तिचा नवरा खाली मान घालून उभा राहिला. आता जुस्तीन शाप देईल, निदान तोंड फिरवेल, अशी कातरीनने मनाची तयारी केली होती. जुस्तीनने मान वर केली.

“म्हणजे त्याने नाही विझवला?” तिने विचारलं.

“नाही. मी.”

“मग बावतीस असेल गं वैनी,” जुस्तीन म्हणाली, आणि कातरीनचाच हात धरून रडू लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

कातरीनने आपल्या घरचं खोबरेल जुस्तीनच्या पणतीत घातलं. असे सांगतात की त्या वाऱ्यात सगळे दिवे एकामागून एक गेले, आणि तो एक तेल संपेपर्यंत जळला. मी तेव्हा नव्हतो. जे होते ते तसं सांगून गेले. जुस्तीनने त्याच उजेडात पेज घेतली. बावतीस पुढे काही दिवसांनी पायी आला, लंगडत. मचवा दमणजवळ फुटला होता, पाय मोडला होता, आणि कुणा कोळ्याच्या घरी तो पडून होता.

कातरीनने त्या दिवसापासून नेम धरला. रोज जुस्तीनच्या पणतीत आधी तेल घालायचं, मग आपला दिवा. बदल्यात जुस्तीन तिच्या पणतीत घालू लागली. लुजीकडे दोघी आळीपाळीने जायच्या. लुजी शेवटपर्यंत दोघींनाही शिव्या देत राहिली. इतर बायांनी आधी कौतुकाने ते पाहिलं, मग आपसांत तसंच सुरू केलं, कारण हेवा काय एकट्या कातरीनच्या घरात होता?

म्हातारपणी कातरीनला सुनांनी विचारलं म्हणे, “आता तरी गेला का हो तुमचा हेवा?”

ती म्हणाली, “तेल घालते तेवढ्यापुरता जातो. म्हणून तर रोज घालते.”

आजही उंबरआळीत तेच चालतं. पलीकडे त्या दोन घरांमध्ये नवी भिंत दिसते ना? त्या भिंतीवरून रेजीन आणि कोंसू यांनी पावसाळ्यापासून एकमेकींशी बोलणं टाकलं आहे. बाजारात समोर आल्या तर रस्ता बदलतात. काल संध्याकाळी मी इथेच बसलो होतो. दोघी आल्या, पणत्या ठेवल्या आणि बराच वेळ उभ्या राहिल्या. बाकीच्यांचे दिवे लागले, लादाईन थांबून राहिली. शेवटी कोंसूने तोंड दुसरीकडे वळवलं, हात मात्र पुढे केला, आणि रेजीनची पणती काठोकाठ भरली.