साळुंकीची गळकी ढोली

अगं, ऐक ना काय झालंय. म्हणजे झालं फार पूर्वी, पण मला आत्ताच कळलंय. साळुंकीला अंडी घालायची घाई, म्हणून तिनं सुतारपक्ष्याकडून आंब्यात ढोली कोरून घेतली. तर ती गळायलाच लागली.

"ताई, एवढं चालतंच," सुतारपक्षी म्हणाला.

"तुझ्या डोक्यावर गळलं तर चालेल?"

भांडण पिंगळ्याकडे गेलं. त्यानं निकाल दिला, "गळती थांबेपर्यंत सुतारपक्ष्यानंच तिथं राहायचं."

पहिलीच सर डोक्यावर टपटपली, तसं पठ्ठ्यानं सगळ्या फटी डिंकानं बुजवल्या. साळुंकी खूश होऊन आली, तर हा आतूनच म्हणतो, "ताई, घर झकास झालंय, मीच राहीन म्हणतो. तुम्हाला शेजारी दुसरं देतो ना, अगदी पहिल्यासारखंच."

इकडे अंडी आजउद्यावर आलेली. सांग, तू काय केलं असतंस?