डाळ शिजेपर्यंतचं पारायण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते राज्य कोणतं आणि राजा कोण, असं विचाराल तर मी नुसता डोकं खाजवीत बसेन. तेव्हा ते विचारू नका. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि गावाला एक तळं होतं, एवढं पुरे.

तळं आपोआप झालेलं नव्हतं. एका जाणत्या गवंड्यानं दोन टेकड्यांच्या मधे मातीचा लांबलचक बांध घालून ओढा अडवला होता. बांधाच्या अलीकडे पाणी, आणि पलीकडे अगदी पायथ्याला चाळीस घरांची वाडी. मरण्यापूर्वी त्या गवंड्यानं एक पोथी लिहून ठेवली. तळं कसं राखावं, बांध कसा जपावा, काय दिसलं म्हणजे काय करावं, हे सगळं तीनशे साठ ओव्यांत. "दर साली बांधावर बसून सगळ्यांनी ही ऐकावी," असं तो सांगून गेला.

गाव मोठं आज्ञाधारक. दर भाद्रपदात पोथीचं पारायण होऊ लागलं. पहिल्या पिढीत ते सात दिवस चाले, कारण लोक मधेच शंका काढत, वाद घालत, उठून बांध बघून येत. पुढच्या पिढीत ते तीन दिवसांवर आलं, मग एका दिवसावर. आपल्या गोष्टीच्या वेळी तर ते पुरणाची डाळ शिजेपर्यंत आटोपत असे. तशी पैजच लागे. इकडे आचारी चुलीवर डाळ चढवी आणि तिकडे पाठकबुवा पहिली ओवी उचलत. डाळ आधी शिजते की पोथी आधी संपते, हे बघायला पंचक्रोशीतली माणसं येत. दर साली पोथीच जिंके.

पारायण बांधाच्या दक्षिण टोकाला होई. तिथं कासव कोरलेला एक भला मोठा पाषाण होता. पोथी संपली की त्याला शेंदूर लावायचा, हार घालायचा आणि पानावर बसायचं. शेंदराचे थरावर थर चढून कासवाचं आता नुसतं टेंगूळ उरलं होतं.

पाठकबुवा माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आवाज खणखणीत, दम असा की एका श्वासात पाच ओव्या. देवळातले पोथ्यांचे सगळे बस्ते त्यांनी वाचून संपवले होते. किती पोथ्या वाचल्या विचारलं, तर आकडा जिभेवर तयार असे. त्यात काय आहे विचारलं, तर म्हणत, "वाचा म्हणजे कळेल." त्यांची एकुलती एक लेक त्याच पायथ्याच्या वाडीत दिली होती आणि तिला सहा महिन्यांचं मूल होतं. बुवांचा जीव त्या नातवात अडकलेला.

याच गावात एक कुंभारीण राहत होती. सगळे तिला मावशी म्हणत. पन्नाशी उलटल्यावर तिच्या मनात आलं, आपण अक्षर शिकावं. पंतोजींना चार रांजण देऊन ती शिकली. लोक हसले. "मावशी, आता काय दरबारात चिटणीस व्हायचंय का?"

मावशी म्हणाली, "न्हाई रं बाबा. पारायणाला साल न् साल बसते, पर बुवा पुढं पळत्यात आन् मी मागं ऱ्हाते. तवा म्हटलं, आपल्या पायानं चालून बघावं."

मग तिनं एक रीत धरली. सकाळची मडकी उन्हात मांडून झाली, की ती देवळात जाई. तिथं कोनाड्यात पोथी असे. तिची सुटी पानं हळूच उघडून एक ओवी ती बोट ठेवून वाची. एकच. मग ती ओवी कोळशानं खापराच्या तुकड्यावर उतरवून घरी नेई आणि चाकाशेजारी ठेवी. दिवसभर चाक फिरे, आणि तिच्या डोक्यात ओवी फिरे. संध्याकाळी ती ओवी कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगायची, असाही तिचा नेम होता. ऐकायला कुणी नसलं तर गाढवाला सांगे. सांगता आली, तरच दुसऱ्या दिवशी पुढची ओवी. अडखळली, तर उद्या पुन्हा तीच. एकेका ओवीला कधी चार चार दिवस लागत. गाव म्हणे, "मावशीचं गाढव आता शास्त्री होणार!"

असं करता करता वैशाख आला. त्या दिवशीची ओवी होती:

बांधाच्या पायथ्या लव्हाळी कोवळी ।
उगवती ऐन उन्हाळ्याचे काळी ।
जाणावे आत पडली पोकळी ।
उपाय करावा ॥

मावशीचं चाक थांबलं. ती माती आणायला रोज बांधाच्या पायथ्याला जात असे. तिथं, वाडीच्या अंगाला, गेली दोन सालं भर उन्हाळ्यात हिरवीगार लव्हाळी उगवत होती. सगळीकडं रान वाळलेलं आणि तिथं मात्र ओला चारा. वाडीतले लोक म्हणत, पोथीची कृपा.

ती तडक बुवांकडे गेली. ओवी म्हणून दाखवली आणि म्हणाली, "बुवा, बांध आतनं पोकळ व्हायला लागला जनू. उपाय काय, ते फुडं लिवलं असंल ना?"

बुवा गालातल्या गालात हसले. "मावशी, पोथीचा अर्थ असा खापरावर उतरत नसतो. बांध म्हणजे हा देह. लव्हाळी म्हणजे मनातले विकार. उपाय म्हणजे नामस्मरण. समजलं?"

मावशीनं खाली पाहिलं. एवढा शिकलेला माणूस सांगतो, तर असेल तसंही, असं तिला वाटलं. पण बाहेर पडताना ती पुटपुटली, "इकारांना गाढवं तोंड लावत्यात व्हय?" कारण तिचं गाढव ती लव्हाळी रोज खात होतं.

त्या साली भाद्रपदात पाऊस हटेना. पाच दिवस, सहा दिवस, धार तुटत नव्हती. तळं काठोकाठ भरलं. गावानं ठरवलं, पारायण जोरात करावं, म्हणजे तळं शांत होईल. बांधावर मांडव पडला, डाळ चढली, बुवांनी पोथी मस्तकाला लावली आणि सुरुवात केली. ओव्या घोड्यांसारख्या उधळल्या.

मावशी मात्र मांडवात नव्हती. ती पायथ्याला उतरून लव्हाळ्यांपाशी उभी होती. लव्हाळ्यांच्या मुळातून पाणी झिरपत होतं. सकाळी ते स्वच्छ होतं. आता त्यात माती येत होती. ज्या हातांनी जन्मभर माती ओळखली, त्यांना ही माती कुठली ते कळायला वेळ लागला नाही. ती बांधाच्या पोटातली होती.

मावशी चढण चढून धापा टाकत मांडवात आली. "बुवा, थांबा! बांध आतनं वाहतोय!"

लोक चपापले. पाटील ओरडले, "मावशी, पारायण मधे मोडू नये. पाप लागतं. शेवट जवळ आलाय."

बुवांनी तर वरही पाहिलं नाही. त्यांची जीभ धावतच होती. तेव्हा मावशीनं चिखलानं भरलेला हात सरळ पोथीवर ठेवला. सगळा मांडव हाय हाय करून उठला.

ती म्हणाली, "बुवा, तुमी म्हनला हुता, बांध म्हंजी देह. त्यो देह फुटायला लागलाय, आन् त्याच्याखाली तुमची लेक हाय."

बुवा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते ओवीच्या मधोमध थांबले.

"वाडीतल्या माणसांना वर आणा," पाटील ओरडले आणि चार गडी खाली धावले. पण चाळीस घरं, म्हातारेकोतारे, तान्ही पोरं, निसरडी वाट. एवढ्या वेळात बांध टिकेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

"बुवा, उपाय काय लिवलाय त्यो सांगा," मावशी म्हणाली. "लव्हाळ्याच्या फुडं कुटंतरी असंल. तुमी चाळीस सालं वाचताय."

बुवांनी डोळे मिटले. ओठ हलले. चेहरा पांढरा पडला. "मावशी, मला असं मधलं नाही सांगता येत. पहिल्यापासून म्हणत गेलो, तरच येतं."

"मंग म्हना!"

बुवांनी पहिल्या ओवीपासून सुरुवात केली, पण घाबरलेली जीभ तिसऱ्या ओवीवरच अडखळली. पुन्हा पहिली. पुन्हा तिसरी. चाळीस पारायणं केलेला तो माणूस लहान मुलासारखा रडकुंडीला आला. त्याला बघून मला राग येत नाही, खरं सांगतो.

मावशीनं पोथीची पानं उलटली. आपण कुठवर आलो आहोत ते तिला पक्कं ठाऊक होतं. "हितनं फुडं माझं वाचून झालं न्हाई. तुमी वाचा."

बुवा वाचू लागले. डोळे अक्षरांवर, पण चाल तीच जुनी, धावती. एक पान गेलं. दुसरं गेलं.

"थांबा! आत्ता काय म्हनला? कासव म्हनला?"

"मी? कासव?" बुवांना खरोखरच आठवेना. शब्द त्यांच्याच तोंडातून गेला होता आणि त्यांच्या कानाला पत्ता नव्हता.

"मागं जावा. सुटा सुटा शब्द वाचा. बोट ठेवा."

पाठकबुवांनी बोट ठेवलं.

दक्षिणेस पाषाण कासवाचा ।
तो नव्हे देव पूजावयाचा ।
तो दट्ट्या असे सांडव्याचा ।
हालवीत जावा ॥

सगळ्यांच्या माना हळूहळू वळल्या. समोर तो पाषाण होता, शेंदरानं माखलेला, ताजा हार घातलेला. जादा पाणी बांधाला धक्का न लावता बाजूच्या ओढ्यात काढून द्यायची वाट गवंड्यानं करून ठेवली होती, आणि त्या सांडव्याचं तोंड या पाषाणाच्या बुचानं बंद केलेलं होतं. पिढ्यान् पिढ्या त्याच्यासमोर बसून त्यांनी ही ओवी ऐकली होती, आणि ऐकून झाल्यावर उठून त्यालाच शेंदूर फासला होता.

"पण देवाला पहार कशी लावायची?" मागून कुणीतरी म्हणालं. पहारी होत्या, गडी होते, पण हात पुढे येईना.

बुवा उठले. त्यांनी हार काढून बाजूला ठेवला. "तो नव्हे देव पूजावयाचा," ते पुन्हा म्हणाले, या वेळी सावकाश, एकेका शब्दाचा अर्थ कळून. मग सोवळ्यानिशी चिखलात गुडघे टेकले आणि पहिली पहार त्यांनीच घातली. तेव्हा सगळे धावले. शेंदराचा थर ढलप्याढलप्यांनी निघाला. पाषाण एकदा करकरला, दुसऱ्यांदा हलला आणि तिसऱ्यांदा उलटला. पाणी दणदणत सांडव्यातून ओढ्याकडे निघालं.

गोष्ट इथं गोड करून सांगता आली असती, पण तसं झालं नाही. तळं उतरायला दुपार लागली, आणि त्याआधीच लव्हाळ्यांपाशी बांधाला खिंडार पडलं. पाणी बरंच उतरलं होतं म्हणून वाडी वाहून गेली नाही. माणसं सगळी वाचली. पण बारा घरं पडली आणि खालची पिकाला आलेली भातखाचरं गाळाखाली गेली. त्या साली वाडीला गावानं आपल्या घासातला घास दिला. चुलीवरची डाळ करपून कोळसा झाली होती, तिची कुणाला आठवण नव्हती.

बुवांची लेक बाळाला पोटाशी धरून वर आली. बुवांनी नातवाला घेतलं आणि मावशीला म्हणाले, "वैशाखात तू माझ्या दारात आली होतीस. मी ऐकलं असतं तर ही घरं उभी असती."

"माझंबी चुकलंच की, बुवा," मावशी म्हणाली. "शंका आली हुती, तर एक ओवी एक दिस हा नेम धरून बसायचं न्हाई. फुडची पानं चाळून बघायची. सावकाश वाचावं हे खरं, पर घर पेटल्यावर सावकाश कशाला?"

दुसऱ्या सालापासून गावानं पारायणाची रीत बदलली. रोज सकाळी एकच ओवी, बांधावर बसून. बुवा ती वाचत, मावशी ती सोप्या भाषेत सांगत, आणि मग ज्याला हवं त्यानं विचारायचं. पहिले काही दिवस फार थोडी माणसं आली. जेवण नव्हतं ना!

एके दिवशी वाडीतल्या एका सुनेनं भीत भीत विचारलं, "बुवा, ओवीत म्हटलंय, पाण्याचा रंग बघून मासे कसे आहेत ते ओळखावं. ते कसं?"

पूर्वीचे बुवा असते, तर मासे म्हणजे वासना असं काहीतरी सांगून मोकळे झाले असते. या बुवांनी पानावरचं बोट उचललं नाही. क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मला ठाऊक नाही, पोरी. चल, सगळे मिळून बघून येऊ."

आणि ते तळ्याकडे चालू लागले.

बोध: वाचावं ते संपवण्यासाठी नव्हे, समजण्यासाठी, आणि समजलं की उठून करावं.