कुटलेल्या दगडाचा रांजण

फार फार पूर्वी, तेव्हा राजा कोण होता हेही आता कुणाला सांगता यायचं नाही, एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी कुंभारांचं गाव होतं. पायथ्याच्या खाणीतून ते चिकणमाती काढत. मात्र वरच्या उतारावरच्या ठिसूळ मुरमाला कुदळ लावायची नाही, तिथला पालापाचोळाही उचलायचा नाही, अशी गावाची रीत होती. "आजोबांचा दगड, नातवांची माती," असं म्हातारी माणसं म्हणत.

त्या गावात गोंदा कुंभार राहायचा. त्याला एकच लेक, तानू. आईविना पोर, त्यानंच वाढवलेली. तिचं लग्न ठरलं ते दूर माळावरच्या गावी. तिथला झरा कोसभर लांब, बायकांचे पाण्यापायी हाल हाल! गोंदाच्या जिवाला घोर लागला. लेकीला मोठा रांजण द्यायचा, म्हणजे रोज पाण्याला धावायला नको, असं त्यानं ठरवलं.

पण खाण संपत आली होती. त्याच्या वाट्याला माती आली पाटीभर.

"एवढ्यात घागर होईल. घागरच दे," त्याची थोरली बहीण आक्का म्हणाली. "रांजणाची माती अजून डोंगराच्या पोटात आहे."

"मग पोटातून काढतो की! दगडाचीच तर माती होते."

ऐकतो कोण! त्यानं उतारावरचा मुरूम खणला, उखळात कुटला, फडक्यातून चाळला. त्या पिठात पाटीभर माती कालवली आणि रांजण घडवून भाजला. दिसायला मोठा देखणा. आक्कानं बोटानं वाजवून पाहिला, तर तो खणखणला नाही, बद्द वाजला.

"नको रे देऊस," ती म्हणाली. पण तानू बापाच्या गळ्यात पडून हसत होती. त्या हसण्यापुढं गोंदाला काही ऐकूच आलं नाही.

लग्न होऊन तानू रांजणासह सासरी गेली. वैशाखात तिनं खेपा घालून रांजण काठोकाठ भरला, आणि दुपारी तो बुडातून फुटला. घरात तापानं फणफणलेली सासू पाणी पाणी करत होती. दमलेल्या तानूनं पुन्हा घागर उचलली आणि भर उन्हात निघाली. ती परत आलीच नाही. झऱ्याच्या वाटेवर सापडली, अंग भाजून निघालेलं, घागर कोरडी.

गोंदा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानं रांजणाचं खापर चोळलं, तर बोटांतून दगडाची कच गळाली. तसाच तो डोंगराकडे गेला आणि ओरडला, "एवढं कुटलं तुला, तरी तू माती का झाला नाहीस?"

डोंगर म्हणाला, "गोंदा, तू मला बारीक केलंस, मऊ नाही केलंस. पाणी माझ्या कणाकणात शिरतं, पाला कुजून त्याचा आंबूस रस जिरतो, आतले क्षार हळूहळू धुऊन जातात. तेव्हा कुठं माझं दगडपण सुटतं आणि कण एकमेकांना धरून राहतात. तू केलेलं पीठ दगडाचंच होतं रे. तुझ्या लेकीशी माझं का वैर होतं?"

गोंदा ढसाढसा रडला.

पुढं रोज तो खणलेल्या उतारावर पाला पसरायचा, पाणी शिंपायचा. लोक विचारायचे, "तुला ना लेक, ना नातू. कुणासाठी हे?"

"कुणाच्या तरी लेकीसाठी," तो म्हणायचा. त्याच्या हयातीत तिथं मूठभरही माती झाली नाही.

म्हणून सांगतो, जे मुरायलाच हवं ते कुटून होत नाही, आणि आपल्या घाईचा भोग आपल्या लाडक्याच्याच वाट्याला येतो.