सगुणाबाईंची बोली

मुळा नदीच्या काठी, देवखडी गावात, शांतवनबाबा ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. अंगावर जाडाभरडा सदरा. पण मुखावर असे तेज की भांडत आलेला माणूस दारातच शांत व्हावा! मंडळी गरिबांची. तरी बाबांच्या शब्दाखातर घरोघरच्या बाया चूल पेटवण्याआधी मूठभर धान्य प्रभूच्या नावाने बाजूला काढीत. त्या धान्यातून गावाबाहेरच्या महारोग्यांना रोज भाकर जाई, आणि दूर सातपुड्यात, भिल्लांच्या बोरपाड्यावर सेवेला धाडलेल्या मार्कस मास्तरांचाही शिधा निघे.

एका उन्हाळ्यात मास्तरांचा निरोप आला. पाड्यावर पटकीची साथ पसरली होती, माणसे पटापट जात होती.

रविवारी उपासनेत बाबांनी विचारले, “मदतीला कोण जाईल?”

सगळे खाली बघू लागले. तेवढ्यात मागून सगुणाबाई उठल्या. त्या विधवा, गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या. त्यांचे दोन्ही मुलगे पटकीनेच गेले होते.

“बाबा, मी जाते.”

मंडळीचे कारभारी एलियाराव मोठ्याने हसले. “बाई, तुम्हाला स्वतःचं नाव लिहिता येत नाही. भिल्लांची बोली मास्तरांना शिकायला दोन वर्षं लागली! तुम्ही तिथं बोलणार काय? मंडळीचं हसं कराल!”

सगुणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या खाली बसणार, तोच बाबांनी त्यांच्या मस्तकावर हात ठेवला.

“जा, माय. शब्द देणारा तो आहे. आम्ही धान्य घेऊन मागून येतो.”

सगुणाबाई पोहोचल्या तेव्हा मास्तर स्वतःच तापाने फणफणले होते. पाड्यावरची दारे बंद. एका झोपडीपुढे धानी नावाची म्हातारी सुनेचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. सुनेचे डोळे खोल गेले होते. परकी बाई दिसताच धानीने धोंडा उचलला.

‘प्रभू, आता तूच!’ सगुणाबाईंनी हात जोडले. “माय, माझी दोन पोरं ह्याच रोगानं गेली. हिला मीठ घालून पेज पाजू दे.”

म्हातारीच्या हातून धोंडा गळाला. “माझेबी दोन गेले गं,” ती म्हणाली आणि रडू लागली.

इथली माणसं तर आपल्यासारखंच बोलतात! सगुणाबाईंना धीर आला. तीन दिवस दोघी दारोदार हिंडल्या. पाणी उकळायला लावले, घोटघोट पेज पाजली. सून उठून बसली. त्यानंतर पाड्यावर एकही माणूस दगावला नाही!

चौथ्या दिवशी बाबा धान्याची गाडी घेऊन आले, सोबत एलियाराव. चुलीपाशी सगुणाबाई आणि धानी बोलत बसल्या होत्या. एलियाराव ऐकतच राहिले. सगुणाबाई बोलत होत्या देवखडीची मराठी. म्हातारीचा मात्र एक शब्द एलियारावांना कळेना. मास्तर आता सावरले होते, तेही थक्क होऊन उभे होते. त्यांच्याकरवी एलियारावांनी म्हातारीला विचारले, “ही बाई कुठली बोली बोलते?”

“आमचीच,” म्हातारी म्हणाली. “माझी आई बोलायची तशी.”

“आणि सगुणाबाई, तुम्ही?”

“मला दुसरी कुठली येती, राव? आपलीच की!”

एलियारावांच्या अंगावर काटा आला. पागोटे काढून त्यांनी बाबांच्या पायांवर डोके ठेवले. “चुकलो, बाबा! प्रभूलाच शिकवायला निघालो होतो.”

“माझ्या पाया कशाला, राव? तिथं पाहा.”

एलियाराव वळले आणि सगुणाबाईंपुढे वाकले. सगुणाबाई भांबावून मागे सरल्या. “अगं बाई! राव, वाकलाच आहात तर ती घागर तेवढी उचला. पाणी उकळायचंय.”

एलियारावांनी घागर खांद्यावर घेतली आणि झऱ्याची वाट धरली.