मिरीचा घास

ऐका. खोटं वाटलं तर मुंगीलाच विचारा.

एक होती मुंगी. मिरीच्या दाण्याएवढी. म्हणून तिचं नाव मिरी. ती राहायची रेणूच्या घरी, भिंतीच्या भेगेत. भेगेत होतं मिरीचं बाळ. केवढं? अर्ध्या मोहरीएवढं. मी स्वतः मोजलंय.

रेणू दुसरीत होती. रोज जेवायला बसली की म्हणायची,
"एक घास चिऊचा, एक घास काऊचा, हा घास मिरीचा."
आणि ताटाशेजारी ठेवायची भाताचं एक शीत. चिऊ कधी आली नाही. काऊ कधी आला नाही. मिरी रोज यायची.

एका रविवारी मिरी आली. तुरु तुरु, तुरु तुरु. ताटात भात डोंगराएवढा. पण ताटाशेजारी शीतच नाही! रेणूच्या एका हातात मोबाइल. दुसरा हात ताटात. डोळे मोबाइलवर. घास तोंडात. गट्टम्!

"रेणू, रेणू, मोबाइल ठेव ना!
मिरीला घास मिळेना,
बाळ माझं उपाशी!"

रेणू म्हणाली, "अंहं! आधी दादा ठेवू दे. मग मी."

मिरी गेली दादाकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"दादा, दादा, मोबाइल ठेव ना!
रेणू ठेवेना,
मिरीला घास मिळेना,
बाळ माझं उपाशी!"

दादा म्हणाला, "हट्! मी हरेन ना! आधी आई ठेवू दे. मग मी."

तिकडे रेणूचा भात टेकडीएवढा झाला. गट्टम्!

मिरी गेली आईकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

"आई, आई, मोबाइल ठेव ना!
दादा ठेवेना, रेणू ठेवेना,
मिरीला घास मिळेना,
बाळ माझं उपाशी!"

आई म्हणाली, "थांब गं, एकच मेसेज. आधी बाबा ठेवू देत. मग मी."

तिकडे रेणूचा भात वाटीएवढा झाला. गट्टम्!

मिरी गेली बाबांकडे. तुरु तुरु, तुरु तुरु. पाय दुखले. सहाच्या सहा.

"बाबा, बाबा, मोबाइल ठेवा ना!
आई ठेवेना, दादा ठेवेना, रेणू ठेवेना,
मिरीला घास मिळेना,
बाळ माझं उपाशी!"

बाबा म्हणाले, "दोनच मिनिटं! आधी आजोबा ठेवू देत. मग मी."

तिकडे रेणूचा भात चमचाभर उरला. गट्टम्!

मिरी गेली आजोबांकडे. तुरु... तुरु... तुरु... तुरु. आजोबांचा मोबाइल केवढ्यांदा ओरडत होता! मिरी त्याहून मोठ्यांदा ओरडली.

"आजोबा, आजोबा, मोबाइल ठेवा ना!
बाबा ठेवेनात, आई ठेवेना, दादा ठेवेना, रेणू ठेवेना,
मिरीला घास मिळेना,
बाळ माझं उपाशी!"

आजोबा म्हणाले, "मीच एकटा बरा सापडलो! आधी रेणू ठेवू दे. मग मी."

रेणू?
अहो, रेणूपासूनच तर निघाली होती!

आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. मिरी परत आली. ताटात चढली. भात? नाही. शीत? नाही. ताट रिकामं. पातेलं रिकामं. मिरी ताटात बसली आणि रडली. मुसुमुसु, मुसुमुसु. कुणाला ऐकू आलं? कुणालाच नाही.

रेणूला तरी कुठे ठाऊक, भात संपला म्हणून! तिची बोटं ताटात शोधत होती. चाचपडत, चाचपडत. बोटांना काय सापडलं?
मिरी!

बोटं उचलली. वर, वर, वर. तोंड उघडलं. आऽऽ!

"अगंऽ, मी घास नाही! मी मिरी!"

रेणूने बघितलं नाही. रेणूने ऐकलं नाही. मग मिरीने काय केलं? ओठाला चावली. चटक्!

"आई गंऽऽ!"

मोबाइल पडला. धप्! रेणूने बघितलं. बोटावर मिरी. थरथर, थरथर.

"अगं बाई! तुला खाल्लं असतं मी!"

रेणूने मोबाइल उचलला आणि ठेवला पोळ्यांच्या रिकाम्या डब्यात. टक्!
रेणूने ठेवला, म्हणून आजोबांनी ठेवला. टक्!
आजोबांनी ठेवला, म्हणून बाबांनी ठेवला. टक्!
बाबांनी ठेवला, म्हणून आईने ठेवला. टक्!
आईने ठेवला, म्हणून दादाने ठेवला. टक्!
झाकण लागलं. फट्!

घर गप्प. पण भात कुठाय? रेणूला रडू आलं.
"मिरी, तुझा घास मीच खाल्ला गं."

सगळ्यांनी रेणूकडे बघितलं. आणि दादा खो खो हसला.
"ए वेडाबाई! हनुवटीला काय चिकटलंय?"

एक शीत! पहिल्या घासापासून तिथेच होतं. रेणूकडे कुणी बघितलंच नव्हतं ना!

रेणूने शीत काढलं. हळूच खाली ठेवलं.
"हा घास मिरीचा."

मिरीने शीत डोक्यावर घेतलं. तुरु तुरु, तुरु तुरु. बाळाने खाल्लं. बाळ फुगलं, अख्ख्या मोहरीएवढं झालं!

तेव्हापासून रेणूच्या घरी आधी डबा, मग ताट.

खोटं वाटतं? जेवताना एक शीत बाजूला ठेवा आणि बघा.
पण बघा हं!