मिरीला घर मिळेना

एक होती बोल्टुकली. बोटाएवढी. पोलादाची. नाव तिचं मिरी.

मिरीचं घर कुठे? गाडीच्या इंजिनात. इंजिन अॅल्युमिनियमचं, अंगाने मऊ. त्यात एक भोक. त्याचं नाव भोकोबा. भोकोबाच्या पोटात होते आटे. गोल गोल, जिन्यासारखे. मिरीच्या अंगावरही आटे. आट्यात आटा अडकला, की मिरी पक्की!

एकदा काय झालं? पानाआजोबा आले मिरीला आवळायला. मोठ्ठे पानाआजोबा!

करकर करकर.

मिरी म्हणाली, "आजोबा, बस!"

"गप गं! तुला काय कळतंय? अजून एक पीळ!"

करकर करकर... कट्!

भोकोबाचे आटे गेले. सगळे गेले! मिरी निसटली. टिण्! पडली खाली.

"अगं बाई," आजोबा म्हणाले, "आता तू भंगाराच्या डब्यात!"

"मी नाही जाणार भंगारात! मी घरी जाणार!" मिरी म्हणाली. "भोकोबा, भोकोबा, मला धर."

"कसा धरू? माझे आटे गेले. स्प्रिंगताईला आण. ती आत बसली, की तिचे वेढे तेच माझे आटे."

मिरी निघाली. टिणुक टिणुक, गडगड गडगड.

स्प्रिंगताई बसली होती डबीत. तारेची, वेटोळ्या वेटोळ्याची.

"स्प्रिंगताई, स्प्रिंगताई, चल ना!
भोकोबा धरेना,
मिरीला घर मिळेना!"

स्प्रिंगताई म्हणाली, "मी नाही जा! गुळगुळीत भिंतीला मी कशी चिकटू? आधी टॅपदादाने खाचा कापाव्या, मगच मी बसेन."

टिणुक टिणुक, गडगड गडगड.

टॅपदादा उभा होता कोपऱ्यात. आटे कापायला अंगभर दात!

"टॅपदादा, टॅपदादा, चल ना!
स्प्रिंग बसेना,
भोकोबा धरेना,
मिरीला घर मिळेना!"

टॅपदादा म्हणाला, "मी नाही जा! माझं पोट बघ केवढं. त्या एवढ्याशा भोकात मावेन का? आधी ड्रिलमावशीने भोक मोठं करावं, मगच मी कापेन."

टिणुक टिणुक, गडगड गडगड.

ड्रिलमावशी पडली होती बाकावर, वायरची शेपटी लोंबकळत.

"ड्रिलमावशी, ड्रिलमावशी, चल ना!
टॅप कापेना,
स्प्रिंग बसेना,
भोकोबा धरेना,
मिरीला घर मिळेना!"

ड्रिलमावशी म्हणाली, "मी नाही जा! धरायला कुणी नको? आधी दस्तगीरमामाने उठावं, मगच मी फिरेन."

टिणुक टिणुक, गडगड गडगड.

दस्तगीरमामा गाडी दुरुस्त करायचे. आत्ता चहा पीत होते. फुर्र फुर्र.

"दस्तगीरमामा, दस्तगीरमामा, चला ना!
ड्रिल फिरेना,
टॅप कापेना,
स्प्रिंग बसेना,
भोकोबा धरेना,
मिरीला घर मिळेना!"

मामा म्हणाले, "एवढंच व्हय? तुला दोरा गुंडाळतो, आणि देतो ढकलून. चालतंय की!"

"नाही चालत!" मिरी ओरडली. "गाडी धडधडली, की दोरा तुटला! मी पुन्हा खाली!"

"आमच्या वेळी चालायचं."

"आणि बोल्ट पडायचे ना?"

मामांनी घेतला घोट. फुर्र फुर्र. मग म्हणाले, "पडायचे खरे. पण बघ, तुझा भोकोबा थरथरतोय. थरथरत्या भोकात ड्रिल जातं वाकडं. आधी त्याने थरथर थांबवावी, मगच मी उठेन."

टिणुक टिणुक, गडगड गडगड. मिरी आली परत भोकोबाकडेच!

"भोकोबा, भोकोबा, थांब ना!
मामा उठेना,
ड्रिल फिरेना,
टॅप कापेना,
स्प्रिंग बसेना,
भोकोबा धरेना,
मिरीला घर मिळेना!"

भोकोबा म्हणाला, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"आधीच माझे आटे गेले. आता अजून मोठं व्हायचं? मग तू तर बुडशीलच माझ्यात!"

मिरी ओरडली नाही. जवळ सरकली. हळूच म्हणाली, "वेड्या, मधे स्प्रिंगताई बसेल ना. तिच्या पोटात मी. अगदी माझ्याएवढी जागा!"

"दुखेल?"

"गुर्रर्र होईल. मी इथेच आहे. शेजारी."

"पळणार नाहीस?"

"कुठे पळू? माझं घर तूच."

भोकोबाने घेतला मोठ्ठा श्वास. थरथर... थर... थांबली!

मग काय!

भोकोबा थांबला, मामा उठले.
मामा उठले, ड्रिल फिरलं. गुर्रर्र गुर्रर्र!
ड्रिल फिरलं, टॅप कापू लागला. किर्र पुढे, किर्र मागे. चकचकीत कीस पडला. मामांनी हवा मारली. फुस्स!
टॅपने कापलं, स्प्रिंग बसली. सुरसुर सुरसुर!
स्प्रिंग बसली, मिरी शिरली. गोल गोल गोल गोल...

"आता मी!" कोण आलं? पानाआजोबा!

करकर करकर.

मिरी म्हणाली, "बस!"

"अजून एक पी..."

"बस!" भोकोबा म्हणाला.
"बस!" स्प्रिंगताई म्हणाली.
"बस!" टॅपदादा म्हणाला.
"बस!" ड्रिलमावशी म्हणाली.
"अहो, बस की!" मामा म्हणाले.

आजोबा थांबले. "बरं बाई, बस. हल्लीचे बोल्ट फार बोलतात!"

मामांनी किल्ली फिरवली. धड धड धड धड! इंजिन हललं. गाडी हलली. मामांचा कप हलला.

मिरी हलली? नाही!
मिरी पडली? नाही!

भोकोबाने तिला धरलं होतं. घट्ट घट्ट घट्ट.

गाडी गेली घाटावर,
गोष्ट आली खाटेवर!