नऊ आणि पाचाच्या मधले सात

झाडंच खारींची गावं होती, तेव्हाची गोष्ट. वादळात चिंच पडली आणि तिच्यावरच्या खारी आपल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन शेजारच्या आंब्यावर राहायला आल्या.

वाटणीचं काम आंब्यावरच्या भुरी आजीकडे आलं. आंब्याच्या खारींकडे प्रत्येकी नऊ शेंगा होत्या, चिंचेच्या खारींकडे पाच. डोकी मोजली तर नजर लागते, अशी खारींची समजूत. म्हणून आजीने झाडं मोजली. झाडं दोन, नऊ आणि पाचाच्या मधले सात. "सगळ्या शेंगा एकत्र करा गं! प्रत्येकीला सात!"

सहा जणींना सात-सात मिळाल्या. चिंचेवरच्या झिपरीला सहाच उरल्या. शेवटी आजीच्या पुढ्यात नुसती माती.

आजी चक्रावली. तिने ढोली तीनदा चाचपली, बोटांवर पुन्हा नऊ-पाच केलं. सातच येत होते! "मेलीनं कुणीतरी लांबवल्या!"

"आजी, झाडं दोन, पण तोंडं किती?" झिपरीने विचारलं.

"हळू बोल, नजर लागेल!"

"आणखी काय लागायची राहिलीय? उपाशी तर तूच राहिलीस."

आजीने भीत भीत डोकी मोजली. नऊवाल्या दोनच, पाचवाल्या सहा.

मग सातवाल्या सहा जणींनी एकेक शेंग आजीपुढे ठेवली. आजीच्या सहा झाल्या, त्यांच्याही सहाच उरल्या. झिपरीच्या ढिगाला मात्र कुणी हात लावला नाही. तेवढा एकच वाटा पहिल्यापासून बरोबर होता.